किचनचं माप घ्यायला गेले आणि…

मी सिव्हिल डिप्लोमावाली, पुण्यात सिंहगड रोड, आनंदनगर, धायरी या पट्ट्यात जुन्या फ्लॅटची रिनोव्हेशनची कामं घेते, पंधराएक वर्षं झाली. हा प्रसंग मे २०२३ चा आहे, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, १९९५ च्या आसपासची बिल्डिंग. मॉड्युलर किचन आणि हॉलचं फॉल्स सीलिंग मिळून सहा लाख ऐंशी हजारांचं इस्टिमेट मी दिलेलं आणि पन्नास हजार अॅडव्हान्सही घेतलेला. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, अर्धे पैसे त्यांच्या एफडीचे, उरलेल्यासाठी मुलगा पर्सनल लोन काढणार होता. कडाप्प्याच्या ओट्यापाशी अठ्ठावीस वर्षं काढली त्यांनी, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. लॅमिनेटच्या शेडकार्डवर अबोली रंगाला पेनने बरोबरची खूण करून ठेवली होती, मी आल्याआल्या तीच दाखवली.

मी टेप लावून माप घेत होते तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. "ताई, तुम्ही बांधकामवाल्या ना, जरा आमच्या बाथरूमचं छत बघता का, कालपासून वाळू पडतीये."

खाली गेले. छताला पिवळे डाग, गिलावा फुगलेला. हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकलं तर बद्द आवाज आला, दुसऱ्यांदा ठोकलं आणि ताटाएवढा तुकडा सुटून थेट खालच्या स्टुलावर आपटला. वर ८ एमएमची सळई उघडी पडलेली, गंजून पापुद्रे निघत होते, बोट लावलं तर पापुद्रा हातात आला. गंजलेली सळई आतल्या आत फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते, हे कॉलेजात शिकलेलं, शंभर वेळा पाहिलेलं, पण आजी म्हणाल्या "अगं बाई, मी सकाळी याच स्टुलावर बसून अंघोळ केली" आणि माझे हातपाय गार पडले.

वर येऊन काकूंचं बाथरूम बघितलं. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा, सांधा गेलेला, जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप सडलेला, म्हणजे रोजच्या अंघोळीचं पाणी फरशीखालच्या कोब्यात, सिमेंटच्या थरात, मुरत होतं, कधीपासून कोण जाणे.

मुलगा मला सोडायला पार्किंगमध्ये आला आणि गाडीपाशी थांबून म्हणाला, "ताई, आत बोललो नाही, मी दोन महिने बेंचवर आहे, कंपनीत हाताला प्रोजेक्टच नाही. आमच्या टीममधले सहा जण गेले. बायकोला माहितीये, आईला नाही. तुम्हीच सांगा ना तिला की मटेरियल महागलंय, पावसाळ्यानंतर बघू. सगळंच पुढे ढकला, बाथरूमपण."

होमलोनचा हप्ताही वाढलेला होता त्याचा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, त्यामागे होमलोनचे दरही चढले, तीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला साडेसहा टक्क्यांनी साधारण २२,४०० हप्ता बसतो, नऊ टक्क्यांनी तोच २७ हजारांच्या घरात जातो. त्यावर पर्सनल लोनचा हप्ता, आणि नोकरीचा भरवसा नाही. किचन थांबवायचं हे मला लगेच पटलं, माझे त्या महिन्यात दोनच साईट चालू होते आणि सुतार कामाची वाट बघत बसलेला, तरीही पटलं.

कारण मला २०२० आठवत होतं. कर्वेनगरला मार्चच्या मध्यात मी एका घरातली दोन्ही बाथरूम एकदम फोडली होती, लवकर संपेल म्हणून. २४ तारखेच्या रात्री लॉकडाऊन लागला, मिस्त्री गावी निघून गेले, त्या घरातली चार माणसं अडीच महिने शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये गेली, त्यात पगार अर्धा झालेला आणि टाइल्सचे पैसे दुकानात अडकलेले. त्या वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून दोन्ही बाथरूम एकदम फोडत नाही आणि हातात रोख असेल तेवढंच काम उघडते.

पण बाथरूम ढकलायचं नव्हतं. मी त्याला सांगितलं, मी काकूंशी खोटं बोलणार नाही, आणि आजी त्या छताखाली रोज अंघोळीला बसतात, तिथे पावसाळ्यानंतर बघू असं म्हणता येत नाही. वर चला, तुम्ही नोकरीचं सांगा, मी बाथरूमचं सांगते.

डायनिंग टेबलवर वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे बाथरूम पूर्ण फोडणं, सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचे) पाइप, नवा कोबा, वॉटरप्रूफिंग, साध्या टाइल्स, एक लाख बासष्ट हजार. आजींचं छत, म्हणजे सैल काँक्रीट काढून सळई घासून, गंजरोधक कोट आणि पॉलिमर मॉर्टर, अठ्ठावीस हजार. बेरीज एक नव्वद, सगळी एफडीतून, लोन नाही, अॅडव्हान्स यातच वळता. किचन आणि सीलिंग उजवीकडे. मुलगा बोलत होता तेव्हा काकू त्याच्याकडे बघतही नव्हत्या, शेडकार्डाची कड नखाने सरळ करत होत्या. मग ते कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "दोन महिने एकटा घेऊन फिरलास होय रे." त्याला रडू फुटलं, मी उठून पाणी प्यायला गेले. ओट्याची पुढची कड मधोमध बोटभर झिजलेली आहे, पोट टेकून टेकून, ते मला तेव्हा दिसलं.

परत आले तर काकू म्हणाल्या, "आजींचं आधी होऊ दे."

त्यांना म्हटलं, वरून गळती थांबल्याशिवाय खालून दुरुस्ती टिकत नाही, आधी वर. आजींना तोवर काकूंच्याच दुसऱ्या बाथरूममध्ये अंघोळीला यायला सांगितलं. मृग लागायच्या आत वॉटरप्रूफिंग संपलं, गळती तपासायला ट्रॅपचं तोंड बंद करून चार इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि ४८ तास सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोचले तर काकू आधीच वाकून रेघ बघत होत्या, पाणी रेघेला लागूनच होतं. खाली गेले. आजींनी छताखालच्या फरशीवर आख्खा पेपर पसरून ठेवला होता, तो कोरडा होता.