तुम्ही विचारलंत म्हणून: कीर्तन हे मास कम्युनिकेशन का नाही?

लग्नाच्या पंगतीत हमखास कुणीतरी विचारतं, "तुम्ही मास कम्युनिकेशन शिकवता, म्हणजे नेमकं काय शिकवता?" मागे बहुधा भाच्याच्या अ‍ॅडमिशनचा विषय असतो. "अँकर होता येतं ना त्यातून?" हातात मठ्ठ्याची वाटी असताना काय सांगणार? हसून वेळ मारून नेतो. आज जरा नीट सांगतो.

मराठी पुस्तकांत याला जनसंज्ञापन म्हणतात. (हा शब्द ऐकूनच निम्मे जन पांगतात.) एकाच वेळी पुष्कळांपर्यंत मजकूर पोचवणं, अशी मुलं व्याख्या पाठ करून येतात. मग मी विचारतो, पाच हजार माणसांपुढचं कीर्तन यात बसतं का? बरीच मुलं "हो" म्हणतात.

माझ्या मते नाही बसत. बुवांना समोरचा माणूस दिसतो. मागची रांग पेंगायला लागली की ते निरूपण आवरतात, विठ्ठलाचा गजर धरतात, टाळ वाजतात, मंडप जागा होतो. बातम्या वाचणाऱ्याला ही सोय नाही. ऐकणारा मालवणात जाळं विणतोय की भंडाऱ्यात रेडिओ बंद करून झोपलाय, त्याला काही कळत नाही. ऐकणारेही एकमेकांना ओळखत नाहीत. मधे यंत्र, आणि काय सांगायचं ते ठरवणारी एक संस्था. आकडा नंतर येतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढलं तेव्हा वाचणारे मूठभरच होते. तरी ते याच जातीचं, कारण अंक कुणाच्या हातात पडणार ते लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

खरी अडचण इथेच आहे: ऐकणाऱ्याचं म्हणणं बोलणाऱ्याकडे परत येत नाही. १९५६ मध्ये रेडिओच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं बसवली. एकेका मंडळात वीसेक जण. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. ऐकून झालं की तिथेच चर्चा करायची, शंका पुण्याला कळवायच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली होती. मंडळ नाही, नुसता रेडिओ आहे, अशा गावांत मात्र फारसा फरक नव्हता.

हे मला अजून चकित करतं. आवाज तोच, कार्यक्रम तोच. गुण आला तो ऐकल्यावर झालेल्या वादावादीने. आणि ती आपोआप झाली नाही, कुणीतरी मुद्दाम माणसं जमवावी लागली.

हल्ली मोबाईलवर म्हणे प्रतिसाद लगेच मिळतो. मिळतो, पण 'लाइक'चा अंगठा दाबणाऱ्यांचाच. मुकाट्याने पुढे सरकलेला आजही दिसत नाही.

म्हणून मुलांना पहिलं काम देतो: आठवडाभर तुम्ही बातम्या बघायच्या नाहीत, घरात जो बघतो त्याच्याकडे बघायचं. गेल्या वर्षी एका मुलीने लिहून आणलं, "आजी सगळ्या बातम्या आवाज बंद करून बघते. पावसाचं सांगायला लागले की आवाज वाढवते, आणि ते संपल्यावर टीव्हीला म्हणते, बरं."