मीठ घातल्यावर सरळ झालेली रेघ

काका लॅबमध्ये आले ते दोन प्लास्टिकच्या बरण्या आणि दोन रिपोर्ट घेऊन. जूनचा पहिला आठवडा होता, मासेमारीबंदी नुकती लागली होती, पठारावर सकाळपासून पाऊस कोसळत होता. छत्री बाहेर ठेवून त्यांनी दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. "बाय, माल एकाच भट्टीतला, आणि हा बघ फरक."

काकांचा गोव्यात डिचोलीकडे लहानसा कारखाना आहे. सुंगटं (कोळंबी) सोलून निर्यात करणाऱ्यांकडून ते सालं उचलतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालून सालातलं कॅल्शियम काढतात, कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) प्रथिनं धुतात आणि शेवटी दाट कॉस्टिकमध्ये तापवून उरलेल्या कायटिनचं, म्हणजे सालातल्या लांब साखळ्यांच्या पदार्थाचं, कायटोसान करतात. एप्रिलच्या लॉटचा रिपोर्ट एका लॅबचा होता, मेच्या लॉटचा दुसऱ्या. दुसऱ्यात रेणुभार, म्हणजे साखळी किती लांब याचं माप, पहिल्याच्या तिपटीच्या आसपास दाखवला होता. गिऱ्हाईक म्हणत होतं, तुमच्या मालात सातत्य नाही, दोन्ही लॉट परत घ्या.

रेणुभार तिप्पट झाला हे मला मुळातच पटेना. कॉस्टिकमध्ये जास्त वेळ उकळलं तर साखळ्या तुटतात, लांब होत नाहीत.

आमच्याकडे हे काम उबेलोडे व्हिस्कोमीटरवर होतं. तीन नळ्यांचं काचेचं साधं उपकरण. द्रावण फुग्यात ओढायचं, सोडायचं, आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला लागणारा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा. द्रावणाचा वेळ भागिले नुसत्या द्रावकाचा वेळ, ही झाली सापेक्ष व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रावकाच्या मानाने द्रावण किती घट्ट ते. त्यातून एक वजा करायचा, संहतीने (विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणाने) भागायचं, द्रावण पातळ करत करत आलेख काढायचा आणि रेघ शून्य संहतीपर्यंत मागे न्यायची. तिथे मिळते ती इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी. साखळी लांब तर हा आकडा मोठा, या नात्यावर श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने महारेणूंची, म्हणजे अशा लांब साखळ्यांच्या रेणूंची, बाजू लढवली होती. १९५३चं नोबेल त्याला महारेणूंवरच्याच कामासाठी मिळालं.

उपकरण साधं, पण लाड फार. धुळीचा एक कण केशनळीत अडकला की वेळ बिघडतो. पाण्याची व्हिस्कॉसिटी अंशाला साधारण दोन टक्के बदलते, म्हणजे बाथ (नळी ज्यात बुडवतात ते ठरावीक तापमानाचं पाणी) दशांश अंशाने हलला तरी दोनशे सेकंदांत ०.४ सेकंदांचा फरक. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण पातळ द्रावणाची सापेक्ष व्हिस्कॉसिटी १.१ असेल तर एक वजा केल्यावर हातात ०.१ उरतो, आणि तीच ०.२ टक्क्यांची चूक तिथे दोन टक्के होऊन बसते. गोव्याच्या हवेत बाथ २५ अंशांवर ठेवायला चिलर लागतो, हे बाहेरून आलेल्यांना दोन-तीनदा तरी सांगावं लागतं.

आमच्या लॅबमध्ये पीएचडी करणारी मुलगी सावंतवाडीची, हाताने सावकाश आणि पक्की. तिने मेचा लॉट दुसऱ्या रिपोर्टमध्ये लिहिल्याप्रमाणे नुसत्या पातळ ॲसेटिक आम्लात विरघळवला, गाळला आणि मोजायला घेतला. तासाभराने ती वही घेऊन आली. "मॅडम, उलटं चाललंय." द्रावण पातळ करावं तसा आलेख खाली यायला हवा. तिचे बिंदू शून्याकडे जाताना वर चढत होते, शेवटचे दोन तर चांगलेच.

आणि तेवढ्यात वीज गेली. परत आली, तरी बाथ जागेवर यायला वेळ लागणार होता. काका गेले नव्हते. त्यांच्या भावाची सत्तरीत काजूची भट्टी आहे, त्यावरून गप्पा फेणीवर गेल्या. भाऊ ग्राव (फेणीच्या कडकपणाचं माप) बघतो आणि बाटली हलवून बुडबुडे बघतो. काकांनी विचारलं, फेणीत पाणी घातलेलं तुमच्या या नळीत कळेल का? म्हटलं, नुसत्या नळीत नाही. २५ अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी ०.८९ मिलिपास्कल-सेकंद, शुद्ध इथेनॉलची १.१ च्या जवळपास, पण वजनाने निम्मं-निम्मं मिसळलं की ती २.४ पर्यंत चढते. दोघांपेक्षा मिश्रणच घट्ट. त्यामुळे शिखराच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन वेगळ्या मिश्रणांना वेळ जवळपास सारखाच लागू शकतो. घनताही मोजावी लागेल. काकांना हे फार आवडलं. भावाला सांगतो म्हणाले.

बोलता बोलता मी त्यांचे रिपोर्ट पुन्हा चाळले. खाली बारीक अक्षरांत पद्धत होती, पण दोन्ही शेजारी ठेवून ती कुणी ताडून पाहिलीच नव्हती. पहिल्या लॅबने ॲसेटिक आम्लात सोडियम ॲसिटेट (तेही एक मीठच) घालून चार-पाच संहतींवर मोजलं होतं. दुसरीने नुसत्या आम्लात एकच बिंदू घेतला होता, तोही बराच पातळ. मुलीचा आलेख जिथे वर चढत होता, बरोबर तिथला.

आम्लात कायटोसानच्या अमाइन गटांवर धन भार येतो. साखळीभर सारखेच भार, ते एकमेकांना ढकलतात आणि साखळी ताणली जाते. सोबतचे ऋण आयन हे ढकलणं थोडं झाकतात. द्रावण पातळ केलं की ते आयनही विरळ होतात, साखळी आणखी पसरते आणि व्हिस्कॉसिटी प्रति ग्रॅम वाढते. पॉलिइलेक्ट्रोलाइटची, म्हणजे अशा भार असलेल्या साखळ्यांची, ही खोड पुस्तकातली आहे, तरी नवीन माणूस तिला फसतोच. उपाय मीठ. बाहेरून पुरेसे आयन घातले की पातळ करूनही ते ढकलणं झाकलेलंच राहतं.

मी मीठ म्हटल्यावर काका खुलले. "आगरवाड्याचं आणू? घरात आहे." मिठागराच्या मिठात सल्फेट येतं आणि सल्फेट कायटोसानला बांधून साका पाडू शकतं, म्हणून बाटलीतलं शुद्ध सोडियम क्लोराइडच घेतलं. ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल, ०.२ मोलर मीठ. दोन्ही लॉट, ताजी द्रावणं, पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी रेघा आल्या. दोन्ही सरळ, दोन्ही खाली उतरणाऱ्या. त्याच आकड्यांतून दोन वेगळ्या रीतींनी काढलेल्या हगिन्सची आणि क्रेमरची रेघ अक्षावर एकाच ठिकाणी टेकत होती, म्हणजे मोजणीवर विसंबायला हरकत नव्हती. तिपटीचा फरक गेला होता. मेचा लॉट एप्रिलपेक्षा उलट थोडा कमीच भरला. मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, मेमध्ये कामगार लग्नाला गेलेला, उकळ जरा जास्त झाली.

"मग रेणुभार किती लिहिणार?" मुलीने विचारलं. इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटीतून रेणुभार काढायच्या मार्क-हाउविंकच्या सूत्रातले दोन स्थिरांक द्रावक, मीठ, तापमान आणि कायटिनमधले किती ॲसिटिल गट निघालेत यावर बदलतात. कायटोसानसाठी छापलेल्या जोड्यांत घातांक कुठे ०.७६ आहे, कुठे ०.९३. जोडी बदलली की त्याच इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटीतून वेगळाच रेणुभार निघतो. म्हणून रिपोर्टमध्ये मी इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी आणि पद्धत लिहिली, रेणुभाराचा रकाना कोरा ठेवला. काका नाराज झाले. गिऱ्हाइकाला तोच आकडा हवा होता. मी आलेखाच्या दोन्ही प्रती जोडल्या, मिठाशिवायची आणि मिठासकटची, आणि पुढच्या ऑर्डरवर द्रावक, मीठ नि तापमान छापून घ्या असं सांगितलं.

गिऱ्हाइकाने आपल्या लॅबमध्ये मीठ घालून परत मोजलं. उत्तर यायला ऑगस्ट उजाडला, ट्रॉलर पाण्यात गेले होते. एप्रिलचा लॉट पूर्ण भावाने घेतला, मेच्या लॉटचा भाव थोडा पाडून. काकांनी उकळीसाठी घड्याळ लावलंय म्हणे.