तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझा दिवस ऐकण्यात जातो

"रिटायर झालात, मग आता दिवसभर करता काय हो?" हे मला भाजीवाली विचारते, भाचेसून विचारते, बँकेत पासबुक भरायच्या लाइनीत शेजारी उभं असलेलं कुणीही विचारतं, आणि मी दरवेळी "चाललंय की निवांत" म्हणून पुढे सरकते, कारण खरं उत्तर लाइनीत उभं राहून देण्यासारखं नाहीये. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने, कॉलेजात आहे ती, जिन्यात अगदी हात धरून विचारलं, "मावशी, खरंच सांगा ना, कंटाळा नाही येत?" तिने मनापासून विचारलं म्हणून नीट सांगते. नाही येत. मी ऐकते. सकाळी डोळे उघडायच्या आधीपासून ऐकायला लागते ते रात्री झोप लागेपर्यंत.

मी टेलिफोन ऑपरेटर होते. १९८३ साली सोलापूरच्या एक्स्चेंजमध्ये लागले, ट्रंक बोर्डावर. आजच्या पोरांना ट्रंक कॉल म्हणजे काय तेच सांगावं लागतं, तर ते असं, की तुम्हाला परगावी बोलायचं असेल तर आधी आम्हाला फोन करून नंबर बुक करायचा, आम्ही त्याचं टिकीट फाडायचो, मग लाइन मोकळी मिळाली की पुण्याच्या नाहीतर गुलबर्ग्याच्या ऑपरेटरला गाठून, इकडची कॉर्ड तिकडच्या जॅकमध्ये घालून तुम्हाला जोडून द्यायचो. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर, लाइटनिंगला ऑर्डिनरीच्या आठपट पैसे, त्यामुळे लाइटनिंग म्हटलं की आमच्या पोटात गोळा यायचा, घरात काहीतरी वाईट झाल्याशिवाय कोण आठपट पैसे घालवणार. पुढे एसटीडी सगळीकडे झालं, म्हणजे परगावचा नंबर लोक स्वतःच थेट फिरवायला लागले, बोर्ड गेले, मग मी १९७ वर, म्हणजे चौकशीच्या फोनवर, लोकांना हवे ते नंबर सांगायला बसले, आणि शेवटची वर्षं बिलांच्या काउंटरवर. ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन बाहेर पडले. त्या एका दिवशी देशभरातून बीएसएनएलचे ७८ हजारांच्या आसपास लोक घरी गेले, त्यातली मी एक. आणि दोन महिने होत नाहीत तोच लॉकडाऊन लागला.

तिथूनच खरं सुरू झालं बघा. रस्ता बंद, रिक्षा बंद, सगळीकडे चिडीचूप, आणि मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली. पहिल्या आठवड्यात वाटलं काहीच ऐकू येत नाहीये, दुसऱ्या आठवड्यात एकेक आवाज सुटा व्हायला लागला. आमच्या बिल्डिंगमध्ये नऊ घरं आहेत, नऊ कुकर आहेत, आणि नऊच्या नऊ शिट्ट्या मला आता पाठ आहेत. एक नुसताच फुसफुस करतो, त्याची रिंग बदलायला झालीय हे मी त्यांना सांगितलंसुद्धा आणि त्यांनी बदललीही.

भाकरीचं तर विचारूच नका. खालच्या मजल्यावर दोन वर्षांपूर्वी सून आली, पुण्याकडची, पोळ्यांच्या घरातली. आमच्याकडे सोलापुरात भाकरी रोजची, ज्वारीची, आणि कडक भाकरी तर डबा भरून ठेवायची. तर या मुलीचा परातीतला आवाज सुरुवातीला असा यायचा, थप थप, मग गप्प, परत थप, मग गप्प. मध्ये थांबून ती बघायची ना, फाटली का, चिकटली का. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, तेही मला ऐकू यायचं, म्हणजे त्यांचं न बोलणं. आणि मग एके दिवशी, श्रावण होता, मी केस विंचरत होते आणि खालून सलग आवाज आला, एका लयीत, बांगड्यांसकट, शेवटी तव्यावर भाकरी पडल्याचा आणि त्यावर पाणी फिरवल्याचा चर्र. मी तशीच कंगवा हातात घेऊन खाली गेले आणि तिला म्हटलं, अगं जमली की तुला! तिला कळेचना मला वरून कसं समजलं. गरम भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही, तिथेच ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्लं मी.

आता फोनचं सांगते, कारण ते माझं घरचंच खातं. संध्याकाळी हुतात्मा बागेत फिरायला जाते, तिथे प्रत्येक जण फोनवर असतो, आणि सगळे मोठ्याने बोलत असतात, त्यामुळे चोरून ऐकण्याचा प्रश्नच येत नाही. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मला ती इतकी आवडली की मी कितीतरी जणांना सांगितली. आमच्या वेळी फोन उचलला की पहिला प्रश्न असायचा, "कोण बोलतंय?" आता पहिला प्रश्न असतो, "कुठे आहेस?" तेव्हा फोन भिंतीला बांधलेला, माणूस कुठे आहे ते पक्कं ठाऊक, कोण आहे तेवढं विचारायचं. आता नाव स्क्रीनवर दिसतं, माणूस मात्र कुठेही असू शकतो. आमचं सोलापूर चार भाषांचं गाव, बोर्डावर मी दिवसभर "एवरु?" ऐकायचे तेलुगूतून, "यारु?" कन्नडातून, "कौन बोलरे?" दखनीतून. आता त्याच बागेत त्याच भाषांमधून "एक्कडुन्नाव?", "एल्लिद्दी?", "किदर है रे?". चारी भाषांनी एकदमच प्रश्न बदलला, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि उत्तर पण चारी भाषांत एकच, "निघालोच, पोचतोय." आमच्या भाषेत "येलालो, येलालो". हे म्हणणारा माणूस त्या वेळी माझ्या शेजारच्या बाकावर भेळेची पुडी उघडत असतो. मला त्याचा राग नाही येत. पलीकडच्याला धीर द्यायचा असतो, आणि भेळही खायची असते.

दुसरी गंमत, "ठेवू का?" हा शब्द. ठेवायला आता काय आहे सांगा, रिसीव्हर नाही, क्रॅडल नाही, काचेवर बोट लावलं की झालं. पण मराठी माणूस "ठेवू का" म्हटल्याशिवाय फोन बंद करत नाही, आणि नुसतं एकदा म्हणून भागतही नाही. बरं ठेवू का, हां ठेव, अगं एक सांगायचं राहिलं, हां बोल, बरं चल ठेवते मग, हो ठेव, काळजी घे, हो तू पण, ठेवू? आमच्या ट्रंकला तीन मिनिटांचा एक कॉल धरायचे, तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये आवाज द्यायचो, वाढवायचं का विचारायला. त्या तीन मिनिटांत लोकांनी लग्नं ठरवलेली आहेत, मी साक्षीला आहे. आता निरोप घ्यायलाच तीन मिनिटं लागतात आणि मला ते फार बरं वाटतं, किती वर्षं लोकांना "तीन मिनिटं झाली" असं सांगावं लागत होतं, तेव्हा पलीकडे एखादी आई नुसतीच श्वास घेत असायची, बोलायचं सगळं राहिलेलं असायचं.

तिसरी एक गोष्ट, जिच्यावरून पोरं म्हाताऱ्यांना हसतात. आमच्या बागेतले एक आजोबा कुर्डुवाडीला बोलतात ते साध्या आवाजात आणि अमेरिकेतल्या लेकाशी बोलतात ते ओरडून, पार झाडावरचे पक्षी उडतील असं. नात त्यांना म्हणते, आबा, लांब आहे म्हणून ओरडायचं नसतं. तिला मी शेजारी बसवून सांगितलं, बाळा, ते चुकत नाहीयेत, त्यांच्या तरुणपणी खरंच लांबचा आवाज बारीक व्हायचा. तारेतून जाता जाता आवाजाची ताकद कमी होते, म्हणून मध्ये मध्ये रिपीटर बसवून तो वाढवावा लागायचा, आणि जितके टप्पे जास्त तितकी खरखर जास्त. जवळचा कॉल स्वच्छ, लांबचा कॉल विहिरीतून आल्यासारखा. हे ज्याने वीस वर्षं अनुभवलं त्याच्या गळ्याला अंतर कळतं. नातीने ऐकून घेतलं, आणि आता आजोबा ओरडायला लागले की ती त्यांच्या जवळ जाऊन बसते.

ऐकण्याची सवय कुठून लागली असं विचाराल तर नोकरीच्याही आधी, भोंग्यापासून. आमचं घर मिलच्या वस्तीत, लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा झाला की आई तांदूळ धुवायला घ्यायची, घरात घड्याळ होतं पण त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. मिल बंद पडल्यावर आई कितीतरी दिवस दुपारी अशी हातात तांदळाचं भांडं घेऊन दारात उभी राहायची. तेव्हा मला वाटायचं ती विसरली, आता कळतं ती वाट बघत होती.

आणि ऐकण्याचं वजन मला कळलं ते ३० सप्टेंबर १९९३ ला. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमाराला झाला, सोलापूरही हललं होतं, आणि माझी सहाची ड्युटी होती. गेले तर बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटलेले, एक विझवावा तर दोन लागायचे. सगळ्यांना लातूर, उमरगा, औसा हवं होतं आणि लाइन लागत नव्हती. एक बाई मला म्हणाल्या, जोडू नका ताई, नुसतं तिकडे वाजतंय का तेवढं सांगा. त्या दिवशी मी दुपारपर्यंत लोकांना तेवढंच सांगत होते, वाजतंय, किंवा नाही वाजत. त्यानंतर रिंग वाजण्याचा आवाज मला कधीच साधा वाटला नाही. म्हणून माझा फोन तुम्ही केलात की मी दुसऱ्या रिंगला उचलतेच, हात पिठाचे असले तरी.

बरं, पाण्याचं सांगायचं राहिलं, ते तर सगळ्यात मोठं काम आहे माझ्याकडे. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, उजनीचं, आणि वेळ रात्रीबेरात्रीचीही असते. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते. आधी बारीक सुं, मग खोकल्यासारखं खर्र, मग दोन थेंब, आणि त्यानंतर धार. बारीक सुं आणि धार यात पाच-सात मिनिटं जातात, आणि तो सुं मला झोपेतही ऐकू येतो. मी नळ थोडा उघडाच ठेवते त्याच्यासाठी, खाली पितळी तांब्या. सुं झाला की मी उठते, लाइट लावते आणि आठ घरांना मिस्ड कॉल देते, ठरलेल्या क्रमाने, आधी वरचे मजले कारण त्यांच्या मोटरीला वेळ लागतो, मग तान्ह्या बाळाचं घर, तिथे दोनच रिंग, बाळ उठू नये म्हणून. दोन मिनिटांत बिल्डिंगमध्ये एकामागून एक लाइट लागतात, बादल्या वाजतात, कुणीतरी जिन्यातून ओरडतं, "आलं का हो?" मी वरून ओरडते, "येतंय, येतंय!" एका रात्री मला ताप होता, मी उठले नाही, तर खालची ती भाकरीवाली सून वर येऊन माझा हंडा भरून गेली, वर म्हणाली, मावशी, आज मी ऐकला सुं! एवढा आनंद झाला मला की ताप असतानाच तिला चहा करून पाजला.

आणि गुरुवारी दुपारी तीनला मी कुणाकडेही जात नाही, ती वेळ गुलबर्ग्याची. बोर्डावर असताना तिथली एक ऑपरेटर होती, तिचा आवाज मी आठ-नऊ वर्षं रोज ऐकला. "सोलापूर?" "बोला गुलबर्गा." एवढ्यावर ओळख. लाइन मोकळी असली की एखादं वाक्य जास्तीचं, तिच्या बाळंतपणाच्या सुट्टीआधी मी तिला आळिवाच्या लाडवांची कृती तीन तुकड्यांत सांगितली होती, दोन कॉलच्या मधे मधे. तिला मी कधी पाहिलं नाही. बोर्ड गेले आणि तिच्याशी संपर्कही तुटला. तीन वर्षांपूर्वी एका युनियनवाल्यांकडून फिरत फिरत तिचा नंबर मिळाला. तिच्या नातवाने हौसेने व्हिडिओ कॉल लावून दिला, स्क्रीनवर एक पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या बाई, माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतेय, आणि दोघींनाही एक शब्द सुचेना. कोण या बाई, असंच वाटलं दोघींना. मग तीच म्हणाली, कॅमेरा बंद करूया का? केला. आणि मग जे बोललो ते दीड तास.

गावाचं नाव २०१४ सालीच कलबुर्गी झालंय, पण गुरुवारी तीनला माझा फोन गेला की ती अजून "गुलबर्गा" म्हणूनच उचलते, आणि मी म्हणते, "सोलापूर."