फोनचं हार्डवेअर तपासताना घोडं अडतं ते स्टोरेजच्या प्रकारापाशी

एखादा फोन रोजच्या वापराला पुरेल का, हे ठरवणं एरवी अवघड नाही. चिपसेटचं (फोनच्या मुख्य चिपचं) नाव, रॅम, स्क्रीन, बॅटरी ही माहिती कंपनीच्या पानावर सरळ मिळते आणि तिच्यावरून बराचसा निकाल लागतो. मी दरवेळी अडते ती एकाच ओळीपाशी: ‘इंटर्नल स्टोरेज १२८ जीबी’. बास, एवढंच. ते १२८ जीबी ईएमएमसी (जुन्या, हळू प्रकारचं) आहे की यूएफएस (नव्या, जलद प्रकारचं), याबद्दल अवाक्षर नाही. आणि कमी किंवा मध्यम किमतीचा फोन दोन वर्षांनी नीट चालेल की साधा कॅमेरा उघडतानाही अडखळेल, हे बऱ्याच अंशी त्या न लिहिलेल्या शब्दावर ठरतं.

रोजचा वापर म्हणजे मी काय धरते तेही सांगते. कॉल, मेसेज, फोटो, नकाशा, बँकेचं ॲप, व्हिडिओ, ब्राउझरच्या पाच-सहा टॅब. मोठे गेम आणि व्हिडिओ एडिटिंग यात धरलेलं नाही. त्यांचं गणित वेगळं आहे.

चिपसेटचं आधी उरकते. ‘ऑक्टाकोअर’ या शब्दाला भुलू नका, आठ कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) कोणते आहेत ते बघा. हेलिओ जी३५ आणि जी३७ या चिपमध्ये आठही कोअर कॉर्टेक्स ए५३ आहेत, आणि ए५३ हे डिझाइन २०१२ साली जाहीर झालेलं. आयकॉनवर बोट टेकल्यापासून ॲप उघडेपर्यंतचा वेळ मुख्यतः एक-दोन कोअरच्या वेगावर अवलंबून असतो. बाकीचे सहा तिथे फारसे कामी येत नाहीत. म्हणून माझी किमान अट अशी: निदान दोन कोअर ए७५ किंवा त्याच्या पुढचे हवेत. हेलिओ जी८५ आणि युनिसॉक टी६०६ मध्ये दोन ए७५ आणि सहा ए५५ आहेत, म्हणजे काम भागतं. हेलिओ जी९९ आणि डायमेन्सिटी ७०० मध्ये दोन ए७६ आहेत, तिथे मी निश्चिंत असते. आकडाच हवा असेल तर गीकबेंच या वेग मोजणाऱ्या ॲपचा सिंगल-कोअर (एकट्या कोअरचा) आकडा बघा. अंतुतू या दुसऱ्या चाचणी-ॲपच्या एकूण गुणांत ग्राफिक्सचा वाटा मोठा असतो आणि एका आवृत्तीचे गुण दुसऱ्या आवृत्तीशी लावून बघता येत नाहीत, त्यामुळे या कामाला मी ते वापरत नाही.

आता मुख्य मुद्दा.

ईएमएमसी ५.१ हे मानक २०१५ चं. त्यात डेटाची वाट एकच असते. एका वेळी वाचायचं तरी, नाहीतर लिहायचं तरी. एकेरी पुलासारखं, समोरून गाडी आली की आपण थांबायचं. यूएफएसमध्ये जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या असतात, वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी चालू शकतं. ईएमएमसी ५.१ चा कागदोपत्री कमाल वेग सेकंदाला ४०० एमबी आहे. प्रत्यक्षात सलग वाचनाचा वेग २५० ते ३०० च्या आसपास मिळतो. यूएफएस २.१ किंवा २.२ असेल तर तोच वेग ५०० पासून ९००-१००० पर्यंत जातो. यूएफएस २.२ हे २०२० मध्ये आलं आणि त्यात राइट बूस्टर ही सोय आहे. स्टोरेजचा काही भाग जलद लिहिण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे ॲप इन्स्टॉल करताना किंवा एकामागून एक फोटो काढताना फोन दमत नाही. रोजच्या वापरासाठी २.२ भरपूर झालं. यूएफएस ३.१ किंवा ४.० साठी जास्त पैसे मोजायची गरज मला वाटत नाही.

‘मला कुठे मोठ्या फाइल कॉपी करायच्यात’ असं अनेकांना वाटतं. पण प्रश्न मोठ्या फाइलींचा नाहीच. फोन दिवसभर छोटं छोटं लिहीत असतो: मेसेजचा डेटाबेस, फोटोंच्या लघुप्रतिमा, ॲपच्या नोंदी, बॅकअप. त्यात बहुतेक ॲप आपला डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतात, आणि महत्त्वाची नोंद केली की ती स्टोरेजवर खरोखर उतरल्याची पोच येईपर्यंत ॲपचं पुढचं काम थांबतं. मागे प्ले स्टोअर चार ॲप अपडेट करत असेल तर ईएमएमसीवर ही पोच उशिरा येते. आपल्याला दिसतं काय? कॅमेऱ्याचा काळा पडदा दोन-तीन सेकंद तसाच राहतो. मेसेजच्या चौकटीत बोट टेकलं तरी कीबोर्ड वर येत नाही. कॉल येतो, रिंग वाजते, पण नाव आणि उचलायचं बटण मागाहून उगवतं. लोक याचं खापर प्रोसेसरवर किंवा रॅमवर फोडतात. अशा वेळी प्रोसेसर बऱ्याचदा नुसता वाट बघत बसलेला असतो.

नव्या फोनमध्ये हे जाणवत नाही, कारण स्टोरेज रिकामं असतं. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट परत लिहिता येत नाही; आधी तो अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. रिकामे ब्लॉक मुबलक असतात तोवर सगळं सुरळीत चालतं. स्टोरेज ८०-८५ टक्क्यांच्या पुढे भरलं की कंट्रोलरला (स्टोरेज सांभाळणाऱ्या चिपला) आधी इकडचा डेटा तिकडे हलवून जागा करावी लागते आणि प्रत्येक लिखाण लांबतं. यूएफएसवरही हे होतं, पण तिथे मुळात वेगाला वाव असतो. त्यामुळे ‘दुकानात तर मस्त चालत होता’ या वाक्याला मी काही किंमत देत नाही.

प्रकार शोधायचा कसा, हीच खरी डोकेदुखी. कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारलं की उत्तर येतं, ‘या मॉडेलमध्ये १२८ जीबी स्टोरेज आहे’. पुन्हा विचारलं की तेच उत्तर पुन्हा चिकटवतात. पॅनेलचा रंग, मागच्या काचेचं नाव, कॅमेऱ्यातल्या सौंदर्य मोडची यादी, सगळं पानभर लिहायला जागा असते, ‘यूएफएस २.२’ ही दोन पदं लिहायला नसते. याचा मला मनापासून राग येतो, कारण जिथे यूएफएस असतं तिथे तेच लोक ते ठळक अक्षरात छापतात. म्हणून माझा पहिला नियम: पानावर प्रकार लिहिलेला नसेल तर ईएमएमसी आहे असं धरून चालायचं. उलट पुरावा मिळाला तर बघू.

दुसरी पायरी म्हणजे चिपसेट बनवणाऱ्याचं पान. तिथे कोणतं स्टोरेज चालतं हे लिहिलेलं असतं. हेलिओ जी८५ ला फक्त ईएमएमसी ५.१ चालतं, म्हणजे त्या चिपचा फोन असेल तर शोधायचं कामच उरत नाही. स्नॅपड्रॅगन ६८० ला दोन्ही चालतात, तेव्हा तिथे फोन बनवणाऱ्याने काय बसवलंय ते पाहावंच लागतं. आणि हे पाहताना नेमका वेरियंट पाहा. एकाच मॉडेलच्या ६४ जीबीच्या फोनमध्ये ईएमएमसी आणि १२८ जीबीच्या फोनमध्ये यूएफएस, असंही असू शकतं. परीक्षणात वापरलेला फोन कोणत्या वेरियंटचा होता हे न बघता त्यातले आकडे आपल्या फोनला लावू नयेत.

फोन हातात असेल तर मोजूनच बघा. सीपीडीटी किंवा अँड्रोबेंच यांपैकी स्टोरेजचा वेग मोजणारं एक ॲप टाका. आधी दोन-तीन जीबी जागा रिकामी आहे ना ते बघा, मागे चालू असलेली अपडेट थांबवा, बॅटरी सेव्हर बंद करा आणि फोन गरम असेल तर थंड होऊ द्या. चाचणी तीनदा चालवून मधला आकडा धरा. सलग वाचनाचा वेग ४०० च्या वर गेला तर ते ईएमएमसी असूच शकत नाही. तीनशेच्या खाली रेंगाळला तर जवळजवळ नक्की ईएमएमसी. एक काळजी घ्या: चाचणीची फाइल फार लहान असेल तर ती रॅममधूनच वाचली जाते आणि आकडा हजारोंत दिसतो. तो खोटा. फाइल निदान एक जीबीची ठेवा आणि कॅशे (रॅममधली तात्पुरती प्रत) बंद ठेवायचा पर्याय असेल तर तो निवडा.

संगणक जवळ असेल आणि एडीबी (संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देण्याचं साधन) वापरता येत असेल तर दोन गोष्टी विचारता येतात. गेटप्रॉप या कमांडने बूट डिव्हाइसचं (फोन ज्या स्टोरेजवरून सुरू होतो त्याचं) नाव विचारा; अनेक फोनमध्ये त्या नावातच यूएफएसची अक्षरं असतात, आणि ईएमएमसी असेल तर एसडीएचसीआय किंवा एमएमसी असं काहीतरी दिसतं. दुसरं, डम्पसिस या कमांडमधला डिस्कस्टॅट्सचा भाग. त्यात ५१२ बाइट लिहायला किती मिलिसेकंद लागले ते येतं. हा आकडा फोन निवांत असताना एकदा आणि ॲप इन्स्टॉल होत असताना एकदा घ्या. दोन्हींतली तफावत जास्त बोलकी असते. फोन रूट करायची (सिस्टिमचा पूर्ण ताबा घ्यायची) गरज नाही.

ॲप टाकू देत नसतील तर हाताने करायची चाचणी सांगते. कॅमेऱ्याचं बटण दाबून धरून वीसेक फोटोंचा बर्स्ट काढा आणि लगेच, क्षणभरही न थांबता, कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावर बोट टेकवा. शेवटचा फोटो धूसर दिसून किती वेळाने स्पष्ट होतो ते बघा. मग लगेच होमवर येऊन सेटिंग्ज उघडा. चांगल्या स्टोरेजवर एक सेकंदाच्या आत सगळं जागेवर येतं. इथेच गचके बसले तर फोन भरल्यावर काय होईल याची कल्पना करा.

आयफोन घेणाऱ्यांनी हा सगळा भाग सोडून दिला तरी चालेल. तिथे २०१५ च्या ६एस पासून एनव्हीएमई या जलद पद्धतीचं स्टोरेज आहे.

रॅमचा विषय याच्याशीच जोडलेला आहे. आज अँड्रॉइडसाठी ४ जीबी ही अगदी काठावरची रॅम आहे; ॲप बदललं की मागचं बंद होतं आणि परत गेलं की पहिल्यापासून उघडतं. ६ जीबी घ्या. ‘४ + ४ जीबी’ असं लिहिलेलं असेल तर पुढचे ४ म्हणजे स्टोरेजचा तुकडा आहे, रॅम नव्हे. ईएमएमसीच्या फोनमध्ये हा व्हर्च्युअल रॅमचा पर्याय मी बंदच करते. ज्या वाटेवर आधीच कोंडी आहे तिच्यावर आणखी वाहतूक सोडायची कशाला? सेटिंग्जमध्ये शोधून बंद करा, फोन रीस्टार्ट करा, आठवडाभर वापरून बघा.

मेमरी कार्डाने स्टोरेजचा प्रश्न सुटतो असंही नाही. बहुतेक फोनमधला कार्डाचा मार्ग सेकंदाला १०४ एमबीच्या वर जातच नाही. कार्डावर फोटो, गाणी, व्हिडिओ ठेवा. ॲप हलवू नका. आणि ६४ जीबीचा फोन घेऊन कार्ड टाकू असा बेत असेल तर लक्षात ठेवा, सिस्टिम आणि आधीपासून भरलेली ॲप मिळून त्यातले पंधरा-वीस जीबी सहज खातात.

बाकीचं थोडक्यात. ६.६ इंचाच्या स्क्रीनवर ७२० बाय १६०० म्हणजे इंचाला सुमारे २६६ पिक्सेल. वाचायला चालतं, बारीक देवनागरी जोडाक्षरांना मात्र थोडं कमी पडतं. १०८० बाय २४०० मध्ये ते ३९९ होतात. ब्राइटनेसचा ‘पीक’ (क्षणभर गाठला जाणारा कमाल) आकडा सोडा, ‘टिपिकल’ (नेहमीचा) बघा, आणि शक्य असेल तर उन्हात नेऊन नकाशा वाचून बघा. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास, त्यामुळे १० वॉटच्या चार्जरने अडीच-तीन तास लागणारच. १८ वॉट असलं तर रोजचं भागतं.

चिपसेटच्या वेळी सांगायचं राहिलं: वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर चालतं का ते पाहा. काही स्वस्त फोन अजून फक्त २.४ वर चालतात, आणि दाट वस्तीत त्या पट्ट्यात इतकी गर्दी असते की चांगल्या इंटरनेटवरही व्हिडिओ अडकतो. डीआरएम इन्फो या ॲपने वाइडवाइनची (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या व्यवस्थेची) पातळी बघा. एल३, म्हणजे सगळ्यात खालची पातळी, असेल तर व्हिडिओच्या बऱ्याच सेवा एचडी देत नाहीत, स्क्रीन कितीही चांगली असो.

सेन्सर तपासायला सेन्सरची यादी दाखवणारं कुठलंही ॲप चालेल. जायरोस्कोप (फोन कसा वळतोय ते ओळखणारा) आणि मॅग्नेटोमीटर (होकायंत्र) यादीत आहेत का ते बघा. मॅग्नेटोमीटर नसेल तर नकाशात उभ्या उभ्या दिशा कळत नाही, चालायला लागल्यावरच बाण वळतो. प्रॉक्सिमिटी (फोन कानाजवळ नेला की स्क्रीन बंद करणारा सेन्सर) यादीत दिसला तरी विश्वास ठेवू नका. काही फोनमध्ये तो खरा नसून आवाजाच्या लहरी किंवा हालचालीवरून अंदाज बांधणारा असतो, आणि बोलता बोलता गालाने कॉल म्यूट होतो. कॉल लावा, फोन कानाशी धरा, अर्धा मिनिट बोला, फोन थोडा तिरका करा, पुन्हा कानाला लावा. मध्ये स्क्रीन उजळली तर तो फोन परत करायची मुदत संपायच्या आत परत करा. सॉफ्टवेअर अपडेटने हे पूर्ण सुधारेल या भरवशावर मी राहत नाही.