शब्दवही: 'एम्बेझल'चं पान

तीन आठवडे याच एका इंग्रजी शब्दावर बसले होते, आज पान जवळजवळ पुरं झालं.

अर्थाची ओळ चार वेळा खोडली. आधी 'पैशांची चोरी' असं लिहिलं होतं आणि ते चुकीचं होतं. चोर पैसा चोरूनच हाती घेतो. एम्बेझल करणाऱ्याकडे तो विश्वासाने सोपवलेला असतो. खजिनदार, कॅशियर, ट्रस्टी अशी ही माणसं. खिसेकापूला हा शब्द लावता येत नाही. मराठीत 'अपहार' अगदी चपखल बसतो, 'अफरातफर'ही चालतो. वाक्यात ज्याचा पैसा, त्याच्याआधी 'फ्रॉम' येतो: 'ही एम्बेझल्ड मनी फ्रॉम द ट्रस्ट', म्हणजे त्याने ट्रस्टच्या पैशाचा अपहार केला.

हा फरक मनात पक्का झाला तो १७९९ सालच्या एका इंग्लिश खटल्यामुळे. बेझली हा बँकेतला कॅशियर. एका खातेदाराच्या नोकराने १३७ पौंड आणून त्याच्याकडे भरले. बेझलीने खात्यावर पूर्ण रक्कम जमा दाखवली, पण त्यातली १०० पौंडांची नोट गल्ल्यात न टाकता खिशात घातली. न्यायाधीशांपुढे पेच पडला: नोट बँकेच्या ताब्यात आलीच नव्हती, मग बँकेकडून चोरली कशी म्हणायची? बेझली सुटला, आणि त्याच वर्षी पार्लमेंटने बेझलीसारख्या नोकरांसाठी वेगळा कायदा केला. गल्ला आणि खिसा यांच्यामधलं ते वीतभर अंतर मला या शब्दाचं खरं घर वाटतं.

व्युत्पत्ती थोडक्यात: पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला अँग्लो-फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हाचा अर्थ लंपास करणे. त्यामागे जुन्या फ्रेंचमधलं नासधूस करणे, छळणे या अर्थाचं क्रियापद आहे. विश्वासातल्या माणसाने पैसा स्वतःकडे वळवणे, हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो.

सगळ्यात जास्त आनंद दिला तो शेजारच्या 'पेक्युलेट'ने. अर्थ तोच, सार्वजनिक पैशाकडे जास्त झुकलेला. लॅटिनमध्ये 'पेकुलियुम' म्हणजे स्वतःची मालमत्ता, आणि त्याच्या मुळाशी 'पेकु', म्हणजे गुरंढोरं. संस्कृत 'पशु' त्याच मुळातला! गोठा हीच तिजोरी होती तेव्हाचा हा शब्द. वहीत दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहून मी बराच वेळ नुसती बघत बसले.

पुढचं पान 'डिफाल्केट'चं, हाही अपहाराचाच शब्द. त्यात लॅटिन 'फाल्क्स' आहे, म्हणजे विळा.