यील्ड जातं कुठं?

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की रिक्रिस्टलायझेशनला (माल गरम पाण्यात विरघळवून, गाळून, थंड करून शुद्ध क्रिस्टल काढायचे) पोरांचा एकच धोशा, सर यील्ड, म्हणजे शेवटी हाती आलेला माल, कमी यायलंय. आणि गेलेला माल शोधतात कुठं तर फिल्टर पेपरवर. बीकरच्या काठाला लागलेलं स्पॅटुलानं खरवडतील, पेपर चारदा झटकतील, अरे तिथं गेलंय किती, चिमूटभरसुद्धा नाही. खरा माल खालच्या फ्लास्कमधल्या पाण्यात विरघळून बसलाय आणि ते मदर लिकर तुम्ही बेसिनमधे ओतून मोकळे झालात.

बेंझोइक ॲसिडच घ्या, सगळ्यांनीच कधी ना कधी केलेलं असतं. उकळत्या पाण्यात ते लिटरला साधारण ५६ ग्रॅम विरघळतं, २५ डिग्रीला ३.४ ग्रॅम आणि ० डिग्रीला फक्त १.७. रिक्रिस्टलायझेशनचा सगळा खेळ ह्या फरकावर. आता पुस्तकात लिहिलेलं असतं की रूम टेम्परेचरला येऊ द्या, पण लिहिणाऱ्याची रूम २५ ची, आपल्याकडं परभणीत नाहीतर नांदेडात एप्रिलच्या दुपारी लॅबमधे ४० असतंय, आणि ४० ला हेच ॲसिड लिटरला ५.५ ग्रॅम पाण्यातच राहतं. म्हणजे पुस्तकापेक्षा दीडपट जास्त नुकसान, तुमचा हात कितीबी साफ असू द्या.

हिशोब करून बघा. २ ग्रॅम क्रूड, म्हणजे अशुद्ध माल, आहे, ते विरघळायला उकळतं पाणी लागतं ३६ मिली. गरम गाळताना फनेलमधेच क्रिस्टल पडू नयेत म्हणून थोडं वाढवून ४५ घ्या. बर्फात ठेवून ०ला नेलं तर पाण्यात राहतं जेमतेम ०.०८ ग्रॅम. आता आपली पोरं काय करतात, विरघळंना म्हणून घाई घाईत पाणी ओतत ओतत १५० मिलीवर जातात आणि ४० डिग्रीच्या रूममधेच गाळतात, गेले की ०.८३ ग्रॅम! २ ग्रॅमातले. मग व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक) विचारतो यील्ड ५८ टक्केच कामून, तर उत्तर काय, सर फिल्टर पेपरला चिकटलं.

त्यामुळं पाणी उकळतंच घाला आणि थोडं थोडं घाला, प्रत्येक वेळी हलवून मिनिटभर थांबा. शेवटचे दोन-चार कण राहिले आणि पाणी घालूनही हलत नाहीत तर ती माती नाहीतर दुसरी काही घाण असंल, तिच्यामागं लागून पाणी वाढवू नका, ती गरम गाळताना जाईल. रंग असेल तर चारकोल (कोळशाची भुकटी) टाका पण चिमूटभर, कारण तो रंगाबरोबर माल पण शोषतो. आणि उकळत्या द्रवात तर अजिबात टाकू नका, आधी गॅसवरून उतरवा, नाहीतर सगळं फसफसून टेबलावर येतंय.

पाणी जास्त झालंच तर आटवा, त्यात लाजायचं काय. फक्त बेंझोइक ॲसिड वाफेबरोबर थोडं उडतं हे ध्यानात ठेवा, वर वॉच ग्लास (काचेची उथळ बशी) ठेवला असेल तर त्याच्या खालच्या अंगाला बारीक पांढऱ्या सुया लटकलेल्या दिसतात, तो तुमचाच माल.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो जी मला कुठल्या मॅन्युअलमधे दिसली नाही. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, तापवलं की भांड्याला पांढरा थर. डिस्टिल्ड वॉटर संपलं की कुणीतरी नळाचं घेतं. त्यातलं बायकार्बोनेट बेंझोइक ॲसिडशी रिॲक्ट होऊन बेंझोएट तयार करतं आणि ते थंड पाण्यात पण विरघळलेलंच राहतं, बर्फात ठेवा नाहीतर फ्रीजरमधे. पाण्याची अल्कलिनिटी (बायकार्बोनेटचं प्रमाण, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) लिटरला ३०० मिलिग्रॅम धरली तर १०० मिली पाणी सुमारे ७३ मिलिग्रॅम ॲसिड गिळतं. डिस्टिल्ड नसेल तर आरओचं घ्या, बोअरचं नको.

थंड करायची पण घाई नको. गरम फ्लास्क सरळ बर्फात खुपसला की भुकटी पडते आणि घाण आत अडकते. आधी झाकून तसाच राहू द्या, क्रिस्टल यायचे थांबले की मग बर्फ. बर्फ रसवंतीवरून आणला तरी चालतो, तो बाहेरूनच लावायचाय. क्रिस्टल येईनात तर काचेच्या कांडीनं आतून घासा किंवा शुद्ध मालाचा एक कण टाका. गाळल्यावर क्रिस्टल धुवायचं पाणी बर्फागार हवं, दोन-तीन मिलीच, आणि ते टाकताना सक्शन (गाळताना खालून हवा ओढणारा पंप) बंद.

वाळवायला आपला उन्हाळा बेस्ट, पण फॅन बंद करा हो, त्या पातळ चकाकणाऱ्या पापुद्र्या अर्ध्या लॅबभर उडतात. आणि पुरतं वाळल्याशिवाय वजन करू नका, १०५ टक्के यील्ड म्हणजे पाणी मोजलंय.

उरलं मदर लिकर. साखर कारखान्यात मळी लगेच सोडून देतात का? एकदा साखर काढली की उरलेली मळी परत शिजवून परत साखर काढतात, दोनदा-तीनदा, पण प्रत्येक खेपेला माल कमअस्सल होत जातो. इथं पण तेच. निम्मं आटवून थंड करा, दुसरी क्रॉप, म्हणजे क्रिस्टलची दुसरी खेप, मिळते, पण पहिलीत मिसळू नका. दोन्हीचा मेल्टिंग पॉइंट वेगवेगळा काढा. पहिलीचा १२१-१२२ ला पटकन आला आणि दुसरी ११५ पासूनच ओली दिसाय लागली, म्हणजे अशुद्ध निघाली, तर दुसरीला परत एकदा क्रिस्टलाइज करा, नाहीतर जर्नलमधे दोन्ही यील्ड वेगळे लिहा. एक्स्टर्नलला ते चालतंय, मिसळून आलेला ११७ चा माल चालत नाही.