औषधाच्या रकान्यात ३०

लग्नाच्या पंगतीत, गोदाकाठी सकाळी फिरायला गेलो असताना, आणि एकदा तर अमरधाममधून परतताना गाडीत, मला जो प्रश्न विचारला गेला तो शब्दशः एकच आहे: “डॉक्टर, रोज थोडी घेतली तर प्रकृतीला चांगलीच असते ना?” मी नाशकात चौतीस वर्षे फिजिशियन म्हणून व्यवसाय केला, त्यामुळे द्राक्षांच्या गावचा डॉक्टर या प्रश्नाला ‘हो’च म्हणणार असे विचारणाऱ्याने बहुधा गृहीत धरलेले असते. प्रश्नाच्या शेवटी असलेला तो ‘ना’ मला फार ओळखीचा आहे. विचारणाऱ्याचा निर्णय आधीच झालेला असतो आणि त्याखाली माझी सही तेवढी हवी असते. आजवर मी ही सही कधी दिली, कधी टाळली, कधी हसण्यावारी नेली; पण इतक्या वेळा विचारलेत, म्हणून एकदा सगळे लिहून टाकतो.

आधी ‘थोडी’ या शब्दाबद्दल, कारण बहुतेक घोटाळा तिथेच आहे. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण दहा ग्रॅम आणि ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली आठ टक्क्यांची असेल तर तिच्यात चाळीस ग्रॅम असते, आणि ती पिणारा ‘आपण काय, बिअरवालेच’ असे निरागसपणे सांगत असतो. ज्या परदेशी अभ्यासांच्या आधारावर ही सारी चर्चा चालते, त्यांत माफक पिणारा म्हणजे बहुधा दिवसाला दहा ते तीस ग्रॅमच्या आतला माणूस. आपल्याकडे शनिवारी रात्री बसणारा माणूस आठवड्याचे सगळे ग्रॅम एका बैठकीत संपवतो आणि सरासरी काढून स्वतःला माफक म्हणवतो.

आता माझ्याबद्दल. १९९१ साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ‘फ्रेंच विरोधाभास’ घरोघरी पोहोचवला: फ्रेंच माणूस लोणी आणि चीज खातो, तरी त्याला हृदयविकार कमी होतो, आणि त्याचे कारण त्याच्या पेल्यातली रेड वाइन. पुढच्याच वर्षी सर्ज रेनो या फ्रेंच संशोधकाचा त्यावरचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा तो आलेख मी कितीतरी परिषदांत पडद्यावर पाहिला: अजिबात न पिणाऱ्यांचा धोका थोडा वर, थोडे पिणाऱ्यांचा सर्वांत खाली, आणि भरपूर पिणाऱ्यांचा आभाळाला भिडलेला. अल्कोहोलने रक्तातले एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगले कोलेस्टेरॉल म्हणतो ते, वाढते हे प्रयोगांत दिसत होतेच. शिवाय मला स्वतःला वाइन आवडत असे, आणि आवडणारी गोष्ट शास्त्रानेही मान्य केली की माणूस त्या शास्त्राची उलटतपासणी घेत नाही.

हे बचावासाठी लिहितो आहे हे मला कळते. पण १९८८ सालीच, म्हणजे त्या कार्यक्रमाच्या तीन वर्षे आधी, ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासातून शेपर या संशोधकांनी एक साधी शंका त्याच ‘लॅन्सेट’मध्ये मांडली होती, हेही मला लिहिले पाहिजे. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोक मिसळलेले असतील, तर तो गट आजारी दिसणारच आणि त्याच्या शेजारी थोडे पिणारे धट्टेकट्टे दिसणारच. ती शंका माझ्यापर्यंत पोहोचली नव्हती असे मी अनेक वर्षे सांगत आलो. खरे म्हणजे ती पोहोचली होती. मला ती किरकोळ वाटली होती.

आता दादाबद्दल, कारण त्याला वगळून या प्रश्नाचे उत्तर देणे मला जमत नाही.

माझा थोरला भाऊ पाटबंधारे खात्यातून २००२ साली निवृत्त झाला. आयुष्यभर त्याने धरणाची पातळी मोजली आणि निवृत्तीनंतर तो स्वतःला मोजू लागला. २००३ मध्ये छातीत दुखून त्याची अँजिओप्लास्टी झाली. त्याच वर्षी दिवाळीत जेवणे उरकल्यावर त्याने मला ओसरीवर बाजूला घेऊन विचारले, “काय रे, ते थोडं घेतलं तर हृदयाला बरं असतं म्हणतात, खरं का?” ज्या माणसाने एकोणसाठ वर्षांत दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता तो हे विचारत होता. मी म्हणालो, “एक छोटा पेग काही वाईट नाही, उलट चांगलाच.” हे बोलताना माझ्या हातात अनारसा होता. सल्ला देतो आहे असे माझ्या मनातही नव्हते.

दादाने मात्र तो सल्ला खात्याच्या परिपत्रकासारखा अमलात आणला. आपल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात आरोग्य परवान्याची तरतूद आहे. तिच्याकडे सगळे गंमत म्हणून पाहतात, पण दादाने रीतसर अर्ज करून परवाना काढला आणि तो लॅमिनेट करून घेतला. बाटली त्याने औषधांच्या कपाटात ठेवली. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे प्लॅस्टिकचे १० मिलीचे झाकण तो तीनदा भरे आणि पाण्यात ओतून जेवणाआधी उभ्यानेच पिऊन टाकी, तोंड वाकडे करून. घरात त्या द्रवाला ‘औषध’ हेच नाव होते.

२०१४ च्या ऑक्टोबरात एका सकाळी चहाचा कप त्याच्या हातून निसटला आणि उजवी बाजू गेली. इस्पितळात तातडीच्या विभागातला तरुण डॉक्टर कागद भरत होता. “दारू, तंबाखू, काही सवय?” वहिनी ठामपणे म्हणाल्या, “नाही हो, यांना कसलंच व्यसन नाही.” मग क्षणभर थांबून म्हणाल्या, “रात्रीचं औषध घेतात तेवढंच. भाऊजींनी दिलेलं.” त्या मुलाने कोणते औषध म्हणून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “अल्कोहोल. रोज, साधारण तीस मिली.” त्याने काहीही न बोलता ते लिहून घेतले. ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित होते. वरच्या कप्प्यांच्या अशा थरथरीत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाते, आणि या थरथरीच्या कारणांच्या यादीत वय आणि रक्तदाब यांच्याबरोबर दारूही असते, हे मी विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा शिकवले होते.

औषधांची यादी हवी म्हणून वहिनींनी पिशवीतून दादाची वही काढून दिली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मी ती वाचली. लाल शाईने आखलेले रकाने होते: तारीख, रक्तदाब, साखर, औषध. गोळ्यांसाठी वेगळे पान होते, त्यामुळे ‘औषध’ या रकान्यात फक्त एकच आकडा होता. नोव्हेंबर २००३ पासून ओळीने ३०, ३०, ३०. पाहुणे आले त्या दिवशी ३०+३०. २००९ पासून ६०. २०११ मध्ये शनिवारी ९०, मग बुधवारीही ९०. आणि २०१२ च्या पावसाळ्यापासून त्या रकान्यात आकडाच नव्हता, केवळ बरोबरची खूण होती. ज्याने नोकरीत पाण्याची एक इंच पातळीही अंदाजाने लिहिली नाही, त्याने इथे मोजणे सोडून दिले होते. आणि आत त्या मुलाला मी तीस मिली सांगून आलो होतो.

त्या वहीत आणखी एक गोष्ट होती. दरवर्षी श्रावणात ‘औषध बंद’ असे लिहिलेले होते आणि त्या महिन्यात शेजारच्या रकान्यातला रक्तदाब खाली आलेला होता. एरवी १४६, १५०, १४८ असे वरचे आकडे, आणि श्रावणात १३०, १२८. कोणत्याही परिषदेत जाण्याची गरज नव्हती, पुरावा आमच्या घरातच दहा वर्षे लिहिला जात होता. नंतर माझ्यातला डॉक्टर जागा झाला आणि म्हणाला की श्रावणात दादा सोमवार-शनिवार उपास करी, तळण बंद करी, लोणचे-पापड सोडी, तेव्हा हे श्रेय एकट्या दारूबंदीला कसे देता येईल? हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि जगभरातल्या त्या मोठमोठ्या अभ्यासांवरचा आक्षेपही नेमका हाच आहे. थोडे पिणारा माणूस बऱ्याचदा सुखवस्तू असतो, वेळेवर तपासण्या करतो, चार मित्र राखून असतो. त्याचे आयुष्य कशाने वाढले हे पेल्याला विचारून कळत नाही.

तरीही एक गोष्ट मला आक्षेपाआड दडवता येत नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातली दक्षिण आशियाई लोकांची माहिती २००७ मध्ये वेगळी प्रसिद्ध झाली, आणि इतरत्र दिसणारा दारूचा संरक्षक परिणाम आपल्या लोकांत आढळला नव्हता. तो लेख मी प्रसिद्ध झाला त्याच वर्षी वाचला होता. तेव्हा दादाच्या वहीत अजून ३० होते. मी त्याला फोन केला नाही. ओसरीवरचे बोलणे मी विसरलो होतो, हे खरे आहे. आणि आठवले असते तरी ‘मी चुकीचे सांगितले’ असे थोरल्या भावाला सांगण्यासाठी फोन उचलला असता की नाही, याची मला आजही खात्री देता येत नाही. दादा २०१७ साली गेला. शेवटची अडीच वर्षे त्याला बोलता येत नव्हते, त्यामुळे त्याने मला दोष दिला की नाही हेही मला कळले नाही.

त्यानंतरचे शास्त्र मी अधाशासारखे वाचले, आणि माझी शिक्षा किंवा सुटका यांपैकी काहीतरी त्यात सापडेल अशी वाट पाहत राहिलो. २०१९ मध्ये चीनमधल्या पाच लाख लोकांच्या अभ्यासात, दारू सोसण्याची क्षमता ठरवणाऱ्या जनुकांच्या आधारे पाहिले असता, माफक दारूने पक्षाघात टळतो या समजाला आधार मिळाला नाही. उलट पिण्याबरोबर धोका वाढत गेलेला दिसला. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही असे म्हटले, आणि कर्करोगाच्या बाबतीत तर १९८८ पासूनच दारू पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे अशा गोष्टींत, तंबाखूच्या पंगतीत आहे. मग २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींचा अहवाल आला आणि त्यात माफक पिणाऱ्यांचा मृत्युदर कधीच न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसतो असे पुन्हा लिहिलेले होते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही त्याच अहवालात होते. ७,८०० माणसे घेऊन, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना रोज एक पेला देऊन हा प्रश्न तपासण्याचा एक प्रयोग अमेरिकेत सुरू झाला होता, पण त्यासाठी दारू कंपन्यांचा पैसा मागितला गेल्याचे उघड झाल्यावर तो २०१८ मध्ये बंद करावा लागला. म्हणून ज्यांना ‘हो’ ऐकायचे आहे त्यांच्यासाठी एक कागद अजूनही शिल्लक आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मी स्वतः वर्षातून पाच-सहा वेळा वाइन घेतो, चवीसाठी आणि सोबतीसाठी. त्यात हृदयाचे भले होते असे मी आता मानत नाही, आणि न पिणाऱ्याने प्रकृतीसाठी म्हणून सुरुवात करावी असे तर मुळीच मानत नाही. दादाला वहीतल्या त्या रकान्याने मारले, असे मात्र मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्याला रक्तदाब होता, वय होते, आमच्या वडिलांनाही पक्षाघातच झाला होता. मी हे म्हणतो तेव्हा पत्नी मला सांगते की तू स्वतःची वकिली करतोस. आणि मी गप्प बसलो की सांगते, उगाच स्वतःला कोसतोस.

गेल्या दिवाळीत पुतण्या, म्हणजे दादाचा मुलगा, त्याच ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसला. त्याचे कोलेस्टेरॉल वाढले आहे. “काका, व्हिस्कीचं राहू द्या, पण वाइन तरी चालते ना?” मी म्हणालो, “नाही.” आत स्वयंपाकघरात वहिनींचा भांड्यांचा आवाज थांबला. तो हसला आणि म्हणाला, “नक्की?” मी त्याला २००७ चा लेख सांगितला, चीनचा अभ्यास सांगितला, मग न राहवून २०२४ चा अहवालही सांगितला. तो म्हणाला, “म्हणजे अगदीच नाही असं नाही.” मी त्याला वही आणायला सांगितले, पण ती माळ्यावर कुठल्या ट्रंकेत आहे हे वहिनींनाही आठवेना.